आणि मित्रमंडळी

संजय त्या रात्री फक्त एक पोस्टकार्ड परत आणायला निघाला होता. मिशिगनमधल्या नोव्हाय गावाहून दोन तास जायचं, कार्ड घ्यायचं, दोन तास परत यायचं. निघताना त्याने माझ्याकडून टॉर्च नेला आणि विचारलं, "मास्तर, येतोस का सोबत?"

मी नाही म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला थोडंफार सावरून घेईन.

हे मी सांगितलं त्या रात्री राजस आणि सावनी समोर बसले होते. दोघं इथे युनिव्हर्सिटीत शिकतात, महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे वरणभात जेवायला येतात. जेवणं झाली होती, बाहेर अंधार पडून तीन तास झाले होते, आणि राजसने फोनवर एक गाणं लावलं होतं. तारांवरून सरकत जाणारं गिटार, नाकातून गाणारा कुणी बुवा. मी राजसला हाक मारून ते बंद करायला सांगितलं. जरा जोरातच सांगितलं असावं.

"अगं, काकांना ट्रक आवडत नाहीत," राजस सावनीला म्हणाला. "बायको गेली, कुत्रा गेला, ट्रक राहिला. कंट्री म्युझिकची सगळी गाणी एवढीच असतात."

"आणि तरी तू लूपवर ऐकतोस यार."

"तेच तर," मी म्हणालो. "तरी ऐकतो. शंभर वर्षं लोक रेडिओवर हेच ऐकतायत. का, ते मला नाही सांगता येणार. संजयला येत होतं."

मग मी त्यांना सांगितलं. रविवार होता, साडेनऊ वाजले होते. मी पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होतो, ते सावनीच्या लक्षात आलं होतं.

संजय मूळचा वर्ध्याचा. गाड्यांच्या सीट्स बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. नव्वद साली इथे आला तेव्हा प्लांटच्या वाटेवर त्याच्या गाडीत कंट्री गाण्यांचं एकच स्टेशन लागायचं. शब्द कळत नव्हते तेव्हापासून तो हे संगीत ऐकत होता. मला म्हणायचा, "मास्तर, हे आपलं भजनच आहे, फक्त बूट घालून आलंय. तीच मींड, तीच आईची आठवण. आणि मुख्य म्हणजे तो रेडिओवाला नावानिशी बोलतो रे. रात्री दहा वाजता शेतांमधून एकटा जाताना कुणीतरी कुणाचंतरी नाव घेतं. तुझ्या त्या लॅपटॉपला माझं नाव माहीत आहे का?"

मी आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवलं. खोल्यांचे आवाज मोजले. मी हसायचो.

कोविडनंतर त्याला दर रविवारी रात्री इंडियानातल्या प्लांटला जावं लागायचं. स्टेट लाइनपाशी, म्हणजे दोन राज्यांच्या हद्दीवर, सव्वादहाच्या सुमाराला, एका छोट्या गावचं स्टेशन लागायचं. गावाचं नाव मी सांगत नाही. अंकल वेंडेल नावाचा म्हातारा निवेदक होता. तो नावं वाचायचा, अमकी तमकी, या गावची, आणि मग गाणं लावायचा. संजयचं लहानपण रेडिओच्या फर्माइशींवर गेलेलं. रेडिओवर नावं वाचली म्हणजे ती गाणं मागणाऱ्यांची, यात त्याला शंकाच आली नाही.

"मग कोणाची असणार?" राजस म्हणाला.

"थांब."

तेवीस सालच्या जूनमध्ये संजयने त्या स्टेशनला पोस्टकार्ड टाकलं. आमच्या वेळी टाकायचो तसं. आधी थोरांची नावं, मग धाकट्यांची, स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी, कारण आपलं नाव पुढे घालणं बरं दिसत नाही. आई इंदू, वर्धा. बायको मालिनी. मुलगी हिमानी. मग संजय. आणि त्याखाली, रीतीप्रमाणे, 'आणि मित्रमंडळी'. मी तिथेच बसलो होतो. त्याने ते इंग्रजीत लिहिलं आणि माझ्याकडे बघून हसला. "यात तू आलास हं मास्तर."

ऑगस्टमध्ये एका रविवारी नाव लागलं. वेंडेलने फार वाईट उच्चार केला, पण 'इंदू, वर्धा' एवढं कळलं. संजयने गाडी कडेला घेऊन वर्ध्याला फोन केला. "आई, तुझं नाव अमेरिकेच्या रेडिओवर!" म्हातारी खूश. शेजारणीला सांगितलं.

नऊ दिवसांनी ती गेली. अठ्ठ्याऐंशी वय. कुणालाच नवल वाटलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मालिनीचं नाव लागलं. त्याने गाडीतूनच घरी फोन केला. ती म्हणाली, "अहो, त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी नीट म्हणा, मॅलिनी काय?" खूप हसली. तेच हसणं संजय नंतर मला करून दाखवायचा.

मंगळवारी सकाळी ती किचनमध्ये पडली. मेंदूत रक्तस्राव.

राजसने मांडी बदलली.

डिसेंबरमध्ये, घर खायला उठतं म्हणून, संजय एका रविवारी प्लांटला जायला तासभर लवकर निघाला. त्यामुळे कार्यक्रमाची सुरुवात त्याला पहिल्यांदाच ऐकायला मिळाली. दर आठवड्याला ती दहा वाजता व्हायची, आणि दहाला तो नेहमी रेंजच्या बाहेर असायचा. वेंडेल म्हणाला, "ज्यांचा आवाज आता घरात ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा तास."

ती सगळी नावं गेलेल्या माणसांची होती.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टेशनला फोन केला. एका मुलीने उचलला. फार गोड बोलली. म्हणाली, सर, अंकल वेंडेल दोन हजार अकरामध्ये वारले. आम्ही जुन्या टेप वाजवतो. मधे एकदा त्याऐवजी स्पोर्ट्सच्या गप्पा लावून पाहिल्या, तर आठवड्यात अर्धा गाव दारात आला. लोकांना तीच गाणी हवी असतात आणि तोच आवाज. रविवारी रात्री इथे माणूस नसतो, कॉम्प्युटर असतो. आणि पत्रं? पत्रं आम्ही एका खोक्यात टाकतो, सर. कुणी वाचत नाही.

संजय माझ्याकडे आला. मी त्याला काय म्हणालो असेन? मी म्हणालो, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणसं जातात. मालिनीला बीपी होतं. आणि रेडिओच्या खरखरीमध्ये कान ओळखीची नावं शोधतोच, यावर माझा स्वतःचा पेपर आहे. मी त्याला तो पेपर दिला. खरंच दिला. बायको गेलेल्या माणसाला.

सात जानेवारीला वेंडेल म्हणाला, "नोव्हायच्या त्या कार्डावरची एक मुलगी राहिली आहे. पुढच्या रविवारी."

चौदा जानेवारी दोन हजार चोवीस. संक्रांतीच्या आदली रात्र, सोमवारी सुट्टी. हिमानी पाच-सहा तासांवरच्या शॉमबर्ग गावात नोकरी करते, ती संध्याकाळी सहाला गाडीने घरी यायला निघाली होती. बर्फाचा इशारा होता. संजयने तिला थांबवायचा प्रयत्न केला. "बाबा, चिल. रोड्स आर फाइन. आय हॅव तिळगूळ," असं म्हणून तिने फोन ठेवला. नंतर उचललाच नाही. गाडी चालवताना ती उचलत नाही. ते संजयनेच शिकवलेलं.

म्हणून तो कार्ड आणायला निघाला. मी बर्फाचं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मी गेलो असतो तर ते सगळं खरं मानल्यासारखं झालं असतं. आणि खरं असतं तर... मला तिथे असायचं नव्हतं.

पावणेदहाला मी लॅपटॉपवर ते स्टेशन लावलं. इंटरनेटवरून ते चाळीस सेकंद उशिरा येतं. मी आधीच मोजून ठेवलं होतं. मोजणं एवढंच मला येतं.

दहा वाजून सहा मिनिटांनी संजयचा फोन आला. "पोचलो मास्तर. छोटी इमारत आहे. मागे टॉवर, पुढे मक्याची शेतं. पार्किंगमध्ये एकही गाडी नाही. फोन चालू ठेवतो."

"दाराला कुलूप असेल," मी म्हणालो. "परत फीर."

"उघडं आहे."

बर्फावरचे बूट मला ऐकू आले. मग फरशी. मग कार्पेट. दार मागे लागलं. मला ती खोली दिसायला लागली. तुम्ही हसाल, पण आवाजावरून खोली कळते. आठ बाय दहा. ठेंगणं छत.

"इथे खोकं आहे," संजय म्हणाला. "पत्रं... शेकडो पत्रं आहेत रे."

त्याचा आवाज मला खटकला. जरा दबलेला येत होता. रिकामी खोली आवाज परत फेकते. माणसाचं अंग आणि कपडे आवाज पितात. मी हे चाळीस वर्षं वर्गात शिकवलंय. एका माणसाने किती फरक पडतो, दोघांनी किती.

त्या खोलीत दोघं होते.

"संजय," मी म्हणालो, "बाहेर ये."

खुर्ची करकरली. लाकडी, जुनी, चाकं नसलेली.

"गुड ईव्हनिंग, सर," संजय म्हणाला. हळू. अदबीने. आपण मोठ्यांशी बोलतो तसं.

शांतता.

"माझी मुलगी रस्त्यात आहे, सर. सत्तावीस वर्षांची आहे."

शांतता. उत्तर ऐकताना माणूस मधे मधे 'हं' म्हणतो ना... तो तसं म्हणत होता. समोरचं काहीच मला ऐकू येत नव्हतं. फक्त त्याचं 'हं'. मग आणखी एक.

मग तो माझ्याशी मराठीत बोलला. आवाज अगदी साधा होता. "मास्तर, ते म्हणतात नाव काढता येतं. पण रांग तुटता कामा नये. तिच्या जागी कोणीतरी लागेल."

मी काही बोललो नाही.

"मास्तर? आहेस ना?"

मी होतो. फोन माझ्या कानाला होता. पण बोललो असतो तर... त्या खोलीतल्या दुसऱ्यानेही माझा आवाज ऐकला असता. एवढाच विचार डोक्यात आला. एवढाच. मी श्वास धरून बसलो.

"बरं," संजय म्हणाला. मला नव्हे, त्याला. "मग माझं वर घ्या. मी उगाच शेवटी लिहिलं होतं."

फोन कट झाला.

मी घड्याळाकडे बघत राहिलो. दहा. वीस. तीस. लॅपटॉपवर जुनी टेप चालू होती, कुठल्याशा बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात, ते दुकान कधीच बंद झालं असणार. चाळीस. जाहिरात संपली. वेंडेल खाकरला.

"नोव्हाय, मिशिगन," तो म्हणाला. थोडा थांबला.

"संजय."

इंदूचं नाव त्याला नीट घेता आलं नव्हतं. मालिनीचंही नाही. हे मात्र अचूक घेतलं. आत्ताच कुणाला तरी विचारून घ्यावं, तसं.

मग ते गिटार वाजलं. तारांवरून सरकत. लांब... लांब...

मी बोलायचं थांबलो. राजसचा फोन टेबलावर उलटा पडला होता. तो कोणी उलटा ठेवला, मला दिसलं नव्हतं.

"आणि हिमानी?" सावनीने विचारलं.

"दहा एकोणीसला तिची गाडी बर्फावर गरगरली. दोनदा फिरली आणि कडेला उलट्या तोंडाने उभी राहिली. मागून ट्रक गेला, हातभर अंतरावरून. तिला ओरखडाही नाही."

"काका..."

"संजय गाडीत सापडला. त्याच पार्किंगमध्ये. हार्ट अटॅक. पोलिस म्हणाले, स्टेशनला बाहेरून कुलूप होतं, तो आत गेलाच नसणार."

राजस म्हणाला, "काका, हे एक्सप्लेन करता येईल ना? म्हणजे स्ट्रेस, थंडी... तो गाडीत बसूनच बोलत असेल. आणि तुम्हीच म्हणालात, खरखरीमध्ये नावं ऐकू येतात."

"येईल करता. मी केलंय. तीन वेगवेगळ्या प्रकारे केलंय. दिवसा तिन्ही पटतात."

मी उठून कपाटातून पाकीट आणलं. हिमानीने ते मला गेल्या उन्हाळ्यात दिलं होतं. संजयच्या शर्टाच्या खिशात मिळालेलं. ती म्हणाली होती, "काका, हँडरायटिंग बाबांचं आहे. पण ही ब्लू पेन्सिल कोणाची?"

मी कार्ड दिव्याखाली धरलं, म्हणजे दोघांना दिसेल. इंदू, खोडलेलं. मालिनी, खोडलेलं. तिसऱ्या ओळीत हिमानी होतं, ते खरवडून काढलंय. कागद तिथे इतका झिजलाय की पलीकडून उजेड येतो. त्यावर निळ्या पेन्सिलीने 'संजय' लिहून खोडलंय. चौथी ओळ, त्याची स्वतःची, कोरी.

"आणि खाली?" सावनी पुढे वाकली.

खाली संजयच्या अक्षरात 'आणि मित्रमंडळी'. त्याच्याखाली एक रेघ, निळी. रेघेपुढे, थरथरत्या, जुन्या वळणाच्या इंग्रजी अक्षरात एकच शब्द. प्रश्नचिन्हासकट.

'नावं?'

घड्याळात दहाला तीन मिनिटं कमी होती.

"पण काका," राजस हळूच म्हणाला, "तो तुम्हाला सारखा मास्तरच म्हणत होता ना? म्हणजे त्या वेंडेलला तुमचं नाव..."

"नको," मी म्हणालो. "इथे घेऊ नकोस. तुमचीही घेऊ नका."

मग मला आठवलं, ते गाणं बंद करायला सांगताना मीच राजसला नावाने हाक मारली होती.

मी कार्डाकडे पाहिलं. निळ्या प्रश्नचिन्हाच्या उजवीकडे जागा रिकामी होती, असं मला अगदी पक्कं आठवतं. आता तिथे पेन्सिल टेकवल्यासारखा एक निळा ठिपका होता.