आधी शेताले पुसा

"हात मांगं घ्या."

शालिकरामशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. कार्तिकातलं कोवळं ऊन होतं, आमच्या वावरात कपाशी फुटून पांढरी झाली होती, आणि बांधावरून काहीतरी पुटपुटत चाललेल्या एका उंच, सावळ्या पोराने जाता जाता एका बोंडाला हात घातला होता.

"एका बोंडानं काय बिघडते?" तो म्हणाला.

"सीतादही व्हायचं हाय अजून. माय शेताले पुसन, शेत हो म्हणन, मंग वेचणी."

"शेत बोलते?"

"तुमच्यासंग नाही बोलणार."

तो हसला... पण हात मागे घेतला. तेवढ्यात माय सीतादहीचा दहीभात शिंपून कपाशीपुढे पदर पसरून उभी राहिली. "वेचू का वो माय?" एवढंच विचारून डोळे मिटायचे, आणि वाऱ्याने बोंडं हलली की शेताचा होकार, ही आमच्या घरची रीत. एका वर्षी वारा दुपारपर्यंत आलाच नव्हता, तर चाळीस बाया बांधावर बसून राहिल्या होत्या.

तो बाळापूरचा. आमच्या बांधाला लागून त्याच्या मामाचं शेत, ते राखायला आलेला. राखत मात्र होता एक वही. अकोल्याच्या कचेरीत इंग्रजी जाणणारा कारकून हवा होता, आणि राज्यकारभाराचे, समाजाचे शंभर शब्द साहेब स्वतः विचारणार होता. बाभळीखाली बसून तो घोकायचा—गव्हर्नमेंट म्हणजे सरकार, लॉ म्हणजे कायदा, टॅक्स म्हणजे सारा. मला अक्षर येत नव्हतं, पण कान होते. वेचणीची बांधाजवळची ओळ मी कोणाला घेऊ दिली नाही, आणि आठ दिवसांत त्याच्या चुका काढायला लागले.

"विटनेस?" मी ओटीत कापूस टाकत विचारी.

"साक्षीदार."

"सोसायटी?"

"त्या पाहा, पल्याडच्या बाया. कामं सोडून आपल्याकडं पाहून राहिल्या... तेच सोसायटी."

मी खाली मान घालून दोन बोंडं कच्चीच तोडली.

एक शब्द मात्र त्याच्या डोक्यात बसेना. कन्सेंट. "वहीत संमती लिहेल हाय," तो वैतागून म्हणाला. "राज्य करणाऱ्यानं लोकाइची संमती घ्यावी म्हणते. कोणता राजा कोणाले पुसते?"

"माही माय पुसते. वावर आमचं, बी आमचं, तरी पुसते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. वही मिटली होती, हे त्याला कळलंही नाही. मला कळलं होतं, आणि फार आवडलं होतं.

पण बाबांना कोण सांगणार? उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, हा त्यांचा वेद. अमेरिकेतल्या लढाईने आमच्या कापसाला सोन्याचा भाव आणलेला, आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. एकेक स्थळ परत करता करता मी एकोणीस वर्षांची झाले होते. आता चांदूर बाजारच्या एका बड्या शेतकऱ्याचं स्थळ त्यांना पसंत पडलं होतं, आणि मार्गशीर्षात सुपारी फुटणार होती. शालिकरामला मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो परीक्षेला अकोल्याला गेला.

दहाव्या दिवशी तो बांधावर नाही, थेट आमच्या अंगणात आला. बाबा कापसाच्या गंजीला टेकून बसले होते.

"काय झालं रे परीक्षेचं?"

"पास झालो, खुशालराव. साहेबानं कन्सेंट इचारला, मी तुमच्या घरचं सीतादही सांगितलं. साहेब म्हणे, हे पुस्तकात नाही, कोणी शिकवलं? मी नाव सांगितलं. जमुना, खुशालरावाची पोरगी."

बाबांची मिशी हलली. अकोल्याच्या कचेरीत आपल्या घराचं नाव निघालं, हे त्यांना लपवता येईना.

"जमुनाले मागाले आलो," तो पुढे म्हणाला. "पण आधी तिलेच पुसतो." आणि माझ्याकडे वळला. "जमुना... येशीन का माह्या घरी?"

एवढं बोलून तो दोन पावलं मागे सरला, हात बांधून गप्प उभा राहिला. अगदी माय शेतापुढे राहते तसा. त्या काळी मुलीला विचारत होतं कोण? मायला कोणी विचारलं नव्हतं, आत्याला नाही. माझी मान अशी ताठ झाली की डोक्यावरचा पदर घसरला.

बाबा उठायला लागले, तशी माय दारातून म्हणाली, "थांबा. पुसलं हाय त्यानं. उत्तर येऊ द्या."

मी चांगली ताटकळत ठेवली स्वारी. बोंडाला न विचारता हात घातला होता ना... मग म्हणाले, "कन्सेंट."

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"शेत हो म्हणते," माय म्हणाली.

बाबांनी एकदा गोठ्यातल्या बैलांच्या चांदीच्या शेंब्यांकडे पाहिलं. मग त्यांनी गड्याला हाक मारली.

"चांदूर बाजारले जाय. सांग, सुपारी नाही फुटत. आमचं पोरीले पुसाचं राहून गेलं होतं."