वाळूतला चौकोनी खिळा

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्यावर बेतली ते भैयाजी माझे थोरले मामा. त्यांच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की आपण रात्र शोधतो. या गोष्टीत रात्र नाही.

साल १९५४. वैशाख. सावली नावाच्या गावापासून दोन कोसांवर, वैनगंगेच्या काठचं एक लहान गाव. नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात.

आणि वेळ... भर दुपारची.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात, अशाच भर दुपारी, त्या घाटावर नाव उलटली होती. नावेत दहा माणसं होती. नऊ जण काठाला लागले. दहावी चंदा, भैयाजींच्या धाकट्या बहिणीची, रुखमाबाईची मुलगी. नऊ वर्षांची. नावाड्यांनी चार दिवस नदी धुंडाळली. चंदा सापडली नाही.

रुखमाबाई विधवा. ही एकच लेक. लोकांनी समजावलं, की बाई, आता पोरीचे दिवस कर. ती म्हणे, "माह्या हाती तिचं काई तरी देजा, मंग करीन."

रोज दुपारी ती घाटावर जाऊन बसायची. घरी दोन ताटं वाढायची. चंदाचं ताट तसंच राहायचं आणि त्याच्याकडे बघत तिचंही तसंच राहायचं. दोन वर्षांत तिची हाडं दिसू लागली. वैद्याने भैयाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की अशीच राहिली तर येता पावसाळा काढणार नाही.

भैयाजी लढाईच्या काळात फौजेत होते. सफरमैना पलटणीत, म्हणजे वाटेतले सुरुंग शोधून काढणाऱ्यांत. ब्रह्मदेशात त्यांनी एका यंत्रावर दोन वर्षं काम केलं होतं. जमिनीतला धातू त्या यंत्राला ऐकू येई.

चंदाच्या पायात चांदीच्या तोरड्या होत्या.

एवढा धागा पकडून भैयाजी नागपूरला गेले.

फौजेचं जुनं सामान विकणाऱ्या एका भंगारवाल्याकडे तशी तीन यंत्रं होती. खांद्याला अडकवायची पेटी, कानाला हेडफोन, लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी थाळी. भंगारवाल्याने एक सुरू करून त्याचे हेडफोन भैयाजींच्या कानाशी धरले. "ये ले जाओ फौजी. आवाज देखो इसकी!"

भैयाजींनी घमेल्यात वाळू भरली. तळाशी एक तांब्याचा पैसा पुरला. तिन्ही यंत्रं त्यावरून फिरवली. मग पैसा काढून घेतला आणि रिकाम्या वाळूवरून पुन्हा फिरवली. जोरात वाजणारं यंत्र रिकाम्या वाळूवरही वाजत होतं. दुसरं कधी वाजे, कधी नाही. तिसरं दिसायला सगळ्यात विद्रूप, पण पैसा असला तरच बोलायचं. दहा वेळा पाहिलं. दहाही वेळा खरं.

"सबसे गूंगा पीस उठाया," भंगारवाला हसला.

"जे लय बोलते ते खोटं बोलते," भैयाजी म्हणाले. "मले खरं बोलणारं पाह्यजे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

वैशाखात वैनगंगा आटते. घाटापासून पार मधल्या धारेपर्यंत वाळूच वाळू. भैयाजींनी आधी नदी वाचली. जड वस्तू पाणी कुठे टाकतं? वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे धार मंदावते तिथे. तेवढाच पट्टा त्यांनी धरला.

थाळी वाळूच्या वर चार बोटं. सपाट. हात झोक्यासारखा वर जाऊ द्यायचा नाही. बाई सारवताना पहिल्या हातावर दुसरा हात अर्धा चढवते ना, तशी एका ओळीवर दुसरी ओळ चढवायची. कानात बारीक गुणगुण असते. ती चढली की थांबायचं. त्या जागी तुऱ्हाटीची काडी खोचायची, मग खणायचं. वस्तू निघाली की खड्डा बुजवायचा, काडी उपटायची, पुढे जायचं. आणि एकही आवाज सोडायचा नाही. सुरुंगाच्या कामात सोडलेला एक आवाज माणसाला खातो.

यंत्राचा एकच दोष. धातू आहे एवढंच ते सांगतं. चांदी की लोखंड, ते सांगत नाही.

पहिल्या दिवशी पैसेच निघाले. नाव मधोमध आली की नदीला पैसा टाकायची आपल्याकडे रीतच आहे. भैयाजींनी एकेक पैसा कपाळाला लावून परत धारेत टाकला. मग फुटक्या नावेचे खिळे निघाले. लांब, चौकोनी, गावच्या लोहाराच्या हातचे. त्यांचा ढीग केला.

रुखमाबाई घाटावर बसून बघत होती. "भाऊ, काई लागलं का गा?"

"लागन. तू दोन घास खाऊन घे."

"चंदा आली का खाईन."

दुपार चढली तसा आणखी एक आवाज लागला. वाळू हातभर खणली. खाली चिकण माती लागली. त्या मातीत एक खिळा होता. तसाच लांब, तसाच चौकोनी.

पण नावेचे खिळे आडवे पडले होते.

हा... उभा होता.

भैयाजींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. दोन्ही हातांनी हलवून हलवून खिळा उपटला, ढिगात टाकला, खड्डा बुजवला, काडी काढली.

तेव्हा त्यांना जाणवलं, की सकाळपासून एक टिटवी ओरडत होती...

ती गप्प झाली होती.

धारेचा खळखळाटही ऐकू येत नव्हता. त्यांनी हेडफोन काढून पाहिले. पाणी तर वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी घाटावर रुखमाबाई नव्हती.

दोन वर्षांत पहिल्यांदा.

भैयाजींना वाटलं, उन्हाने थकली असेल. त्यांनी काम सुरू केलं. अगदी पाण्याच्या कडेला आवाज लागला. काडी खोचली. खणलं. काही नाही. खड्ड्यावर पुन्हा थाळी धरली. शांत.

आवाज... हातभर पुढे सरकला होता.

तिथे काडी खोचली. खणलं. काही नाही.

आवाज पुन्हा हातभर पुढे. थोडा डावीकडे. मग थोडा उजवीकडे.

भैयाजींनी सेल काढून पुसले, परत बसवले. खिशातल्या पैशावर यंत्र तपासलं. यंत्र ठीक होतं. मग त्यांनी खणणं सोडलं आणि नुसत्या काड्या खोचत गेले. एकवीस काड्या संपल्या तेव्हा पाठ सरळ करून मागे वळून पाहिलं...

डावी. उजवी. डावी. उजवी.

काड्या पावलांसारख्या उभ्या होत्या. आठ-नऊ वर्षांच्या पोराचं पडावं, तेवढं पाऊल.

पावलं पाण्यातून निघालेली. गावाकडे तोंड असलेली.

वाळूवर मात्र ठसा एकही नव्हता.

पलटणीत माणसाला एक गोष्ट शिकवतात. भीती वाटली तर पळायचं नाही, काम करत राहायचं. भैयाजी थाळी जमिनीलगत धरून चालत राहिले. घाट चढले. गल्लीत आले. उन्हाने सगळी दारं बंद. डावी, उजवी, डावी, उजवी... कानात आवाज चढत-उतरत होता.

तो रुखमाबाईच्या उंबऱ्याशी थांबला.

आतून हसण्याचा आवाज आला. रुखमाबाईचा. एकटीचा.

भैयाजींनी दार ढकललं. ती चुलीपुढे बसली होती. समोर दोन ताटं. तिच्या ताटात अर्धी भाकर राहिली होती. दुसरं ताट... चाटून पुसून साफ होतं. त्याच्या काठाला ओली वाळू लागली होती.

"ये भाऊ, बस. आज मले लय भूक लागली गा," ती म्हणाली. तिच्या गालावर रंग होता. "काऊन असा पाहून राह्यला?"

"दुसऱ्या ताटात कोण जेवलं, रुखमा?"

ती नुसती हसली आणि चुलीच्या पलीकडे बघू लागली.

भैयाजींनी थाळी त्या दिशेला केली. कानात इतकी जोराची किंकाळी आली, की त्यांनी हेडफोन ओढून काढले. घरात तांबं-पितळ असतंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

भांडी मात्र त्यांच्या पाठीमागच्या फळीवर होती.

त्या रात्री काही घडलं नाही. भैयाजींना शांत झोपही लागली. त्यांना वाटलं, पोर आपली आहे. आली तर आली. बहीण तरी जगेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी लटारू परतला. लटारू म्हणजे घाटाचा म्हातारा नावाडी. पाच दिवस लग्नासाठी पलीकडच्या गावी गेला होता. आल्या आल्या त्याला वाळूतला खिळ्यांचा ढीग दिसला. तो उकिडवा बसला आणि एकेक खिळा हातात घेऊन बघू लागला. एका खिळ्यापाशी त्याचा हात थांबला.

"हा कुठी भेटला?"

"इथीच. नावेचा हाय ना?"

"नावेच्या खिळ्याले दोन्हीकडून ठोकल्याची खूण रायते. याले डोक्यावरच घाव हाय." लटारूने खिळा उभा धरला. "उभा होता का आडवा?"

भैयाजींची नजर बुजवलेल्या वाळूवर गेली.

"उभाच असन. बुडलेलं कोनी परत येऊन राह्यलं, तं आम्ही ढिवर लोकं खिळा ठोकून त्याले जाग्यावर बसवतो. फौजेत शिकून तू माणसाले इचारणं इसरला का गा? एक सबूद इचारला असता!"

भैयाजींनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "लटारूभाऊ, पोर माही भाची होती. घरी आली तं येऊ दे. मी नाई भेत."

लटारूने वर पाहिलं.

"कोन भाची?"

"चंदा."

"चंदाले मी खिळा ठोकलाच नाई," लटारू म्हणाला. "ठोकाले गेलो होतो. रुखमाबाईनं हात धरला माहा. अन् गरजबी नोती. ते पोर कधी आलंच नाई परतून. चूपचाप हाय बिचारं."

"मंग हा खिळा?"

"माह्या बापानं ठोकला. माह्या जन्माच्या आंधी."

"कोनासाठी?"

लटारूने खिळा खाली ठेवला आणि हात वाळूने घासून पुसला. "बापानं नाव नाई सांगतलं. एवढंच सांगे, का ते ज्याच्या घरी जाते त्याच्याच पोराचं तोंड घेते." मग तो म्हणाला, "भोक दाखव. त्याच भोकात गेला पाह्यजे."

भैयाजींनी वाळूकडे पाहिलं. प्रत्येक खड्डा त्यांनी नीट बुजवला होता. प्रत्येक काडी उपटली होती. पलटणीत शिकवल्याप्रमाणे.

वाळू सगळीकडे सारखी होती.

ते दोघे दुपारपर्यंत चाचपत राहिले. चिकण मातीतलं भोक सापडलं नाही. शेवटी भैयाजींनी पुन्हा यंत्र खांद्याला लावलं. भोक यंत्राला ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण हात रिकामे ठेवणं जमेना.

वळणाच्या आत, दोन दगडांच्या बेचक्यात आवाज लागला.

बारीक. स्थिर. हा आवाज हलत नव्हता.

त्यांनी खणलं. वीतभर खाली, काळी पडलेली एक तोरडी निघाली. अंगठ्याने घासली. चांदी चमकली. फासा तुटलेला होता आणि तिथे पितळेची तार गुंडाळलेली होती. ती तार नाव उलटली त्याच्या आदल्या महिन्यात भैयाजींनी स्वतः गुंडाळली होती.

चंदा इथे होती. दोन वर्षं. चूपचाप.

म्हातारा लटारू तिथेच वाळूत बसून रडला.

भैयाजी तोरडी मुठीत धरून घराकडे धावले. बहिणीने हेच मागितलं होतं. हाती काही तरी द्या, मग दिवस करीन. आता ती मानेल. घरात आहे त्याला ती स्वतःच बाहेर काढेल.

रुखमाबाई ओट्यावर बसून हवेत वेणी घालत होती. तीन पेड, बोटांनी, नीट.

"रुखमा. हे पाह्य. चंदाची तोरडी. तार वळख. मीच बांधली होती."

तिने तोरडी हातात घेतली. उलटी-सुलटी केली. तारेवरून बोट फिरवलं. मग शांतपणे भावाच्या हातात परत दिली.

"कोनाची हाय का माईत," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या पायात तं दोन्ही हायेत."

आणि ओट्यावर, भैयाजींच्या कानाला हेडफोन नसताना...

छुम. छुम.

रुखमाबाईने तो पावसाळा काढला. त्यानंतरचे अकराही काढले. अंगाने भरली. घाटावर पुन्हा कधी गेली नाही. चंदाचे दिवस तिने केले नाहीत. भैयाजींनी ते गुपचूप, तोरडी समोर ठेवून, नदीवर केले. गावातली पोरं मात्र रुखमाबाईच्या घरापुढून जात नसत. कोणी शिकवलं नव्हतं, तरी जात नसत.

ती गेली त्याच्या तेराव्या दिवशी भैयाजींनी यंत्रात नवे सेल घातले. तिच्या उंबऱ्याशी थाळी धरली. त्यांना बघायचं होतं, की ते नदीकडे परत गेलं का.

आवाज लागला. काडी खोचली. हातभर पुढे, डावीकडे, दुसरी काडी. मग उजवीकडे तिसरी.

तिसऱ्या काडीनंतर त्यांनी यंत्र बंद केलं. त्यानंतर कधीच सुरू केलं नाही.

काड्यांची तोंडं नदीकडे नव्हती. समोरच्या घराकडे होती. म्हणजे त्यांच्याच.

मामांना मूलबाळ नव्हतं. ते घर त्यांनी मला दिलं. यंत्र माळ्यावर आहे, सेल कधीच सडून गेले. खिळा आणि तोरडी एका डब्यात आहेत. माझ्या मुलाबाळांची लग्नं होईपर्यंत मी त्यांना दुपारी त्या घरात एकटं ठेवलं नाही. काही घडलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

परवा नात आली सुट्टीला. आठ वर्षांची आहे. दुपारी मी जरा लवंडलो होतो. स्वयंपाकघरात तिचं हसणं ऐकू आलं, म्हणून हाक मारली, "काय करते गं?"

"जेवते आजोबा," ती म्हणाली.

मी उठून पाहिलं. तिने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं होतं.

दोन ताटं...