उलटं फिरणारं पातं

पेटंट नाकारल्याची मेल आली, त्या दिवशी फरहत जेवलीच नाही. यवतच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं खपून तिनं एक मशीन बनवलं होतं, वितळलेल्या ॲल्युमिनियमला पावासारखं जाळीदार करणारं. धातूचा फेस थंड व्हायच्या आतच बसायचा. तिनं ढवळणारं पातं दर चार फेऱ्यांनी उलटं फिरवलं, आणि फेस टिकला. पण शिरूरकडच्या एका कंपनीनं हरकत घेतली : 'यात नवीन काय? गुऱ्हाळात गूळ असाच घोटतात. या कामातल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं.' पेटंट ऑफिसला ते पटलं. आता अपिलाला तीन महिने होते. तेही हरलं, की मशीन कुणीही बनवायला मोकळा.

तिनं स्कूटी काढली आणि थेट राहू गावातलं गुऱ्हाळ गाठलं. बघू तरी, किती सारखं आहे ते!

तिथं आधीच एक तरुण उभा होता. लाकडी फावडं गुळात कसं पुढं-मागं जातं, ते मोबाईलवर टिपत होता. गुऱ्हाळवाले बबनराव वैतागले, "आज जत्रा हाय व्हय हितं? एक झाला, आता ही दुसरी!"

"तुम्ही कशाला आलात?" तरुणानं विचारलं.

"भांडायला."

"कुणाशी?"

"तो अजून भेटला नाही."

तो हसला. बबनरावांनी दिलेल्या गरम गुळाचे त्यानं दोन तुकडे केले, मोठा तिला दिला. मग तिच्या स्कूटीवरचं वर्कशॉपचं नाव त्यानं वाचलं आणि खाली बघत म्हणाला, "भेटलाय... मी शाहनवाज. तुमच्या पेटंटला हरकत घेतली, त्याच कंपनीत आहे."

फरहतनं गूळ त्याच्या हातावर परत ठेवला आणि निघाली.

रविवारी तो वर्कशॉपच्या दारात. हातात कागदाची पुडी.

"तुमचा तुकडा राहिला होता."

"दगड झालाय त्याचा."

"भिजवा. सुटेल हळूहळू."

ती हसू दाबत वळली. अम्मी गेल्यापासून चहा अब्बा करायचे, आणि अजूनही एक कप जास्त व्हायचा. तो शाहनवाजला मिळाला.

मग तो दर रविवारी येऊ लागला.

"पातं बघायला आलो."

"पातं तिकडं आहे. तुम्ही इकडं बघताय."

दोन महिन्यांनी त्यानं दौंडला नोटरी केलेला कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचलं : 'मी दोन वर्षं हाच फेस टिकवायला झटलो. माझं लहानपण मामाच्या गुऱ्हाळावर गेलं. तरीही मला हे सुचलं नाही.'

"नोकरी जाईल तुमची!"

"शुक्रवारी मीच सोडली." तो घुटमळला. "आणि... एक गोष्ट त्यात लिहिलेली नाही."

"ती मला पहिल्याच रविवारी कळली."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, बघू, तुम्हाला सुचायला किती वर्षं लागतात."

आतून अब्बांची हाक आली. आज त्यांनी तीन कप मुद्दाम केले होते.

अपील दाखल झालंय, तारीख लागलेली नाही. आणि अब्बांना विचारायचं अजून राहिलंय.