खाडीच्या पोटात जाणारी पेटी

"सिमेंटची पेटी पाण्यात सोडली तर बुडेल की तरंगेल?" चिंबोरीने विचारलं आणि जाई खो खो हसत सुटली.

चिंबोरी म्हणजे कालवणातली नव्हे बरं का! वेळकोंड बंदराच्या कामावर एक यंत्रमानव होता. आठ पायांचा, खेकड्यासारखा, खाडीच्या तळाशी तुरुतुरु चालणारा. कोळीवाड्यातल्या पोरांनी त्याला चिंबोरी म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून तोही खुशाल "मी आले, मी गेले" असं बोलू लागला होता.

"बुडेल! त्यात विचारायचं काय?" जाई म्हणाली. "सिमेंटचा एवढासा तुकडा टाकला तरी डुबुक करून तळ गाठतो. आणि तुमची पेटी तर आमच्या शाळेच्या मैदानापेक्षा लांब!"

"मांदेले, पैज लावू नकोस, हरशील," मागून प्रणालीआत्या म्हणाली. जाई हडकुळी, म्हणून आत्या तिला त्या बारीकशा मासळीवरून मांदेली म्हणायची. खाडीखालून होत असलेल्या बोगद्याची आत्या मुख्य इंजिनीअर होती. कोळीवाड्यातच लहानाची मोठी झालेली, त्यामुळे बोलणं अगदी रोखठोक.

बोगदा हवा कशाला, हे वेळकोंडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बंदर खाडीच्या पलीकडे आणि हमरस्ता अलीकडे. बंदरातले मोठमोठे ट्रक खाडीला लांबलचक वळसा घालून, धुरळा उडवत, कोळीवाड्याच्या चिंचोळ्या रस्त्यावरून जायचे. पूल बांधावा, तर खालून उंचच उंच जहाजं कशी जाणार? म्हणून रस्ता पाण्याखालून न्यायचं ठरलं. खाडीच्या तळाशी चर खणायचा, किनाऱ्यावर बांधलेल्या पेट्या त्यात एकापुढे एक बसवायच्या आणि वरून दगड-माती लोटायची. आता शेवटची पेटी तेवढी उरली होती.

पण कामाच्या तराफ्यांनी खाडीचं तोंड अडवलं होतं, आणि कोळीवाड्याच्या सगळ्या होड्या आत अडकल्या होत्या. आत्याने भर सभेत शब्द दिला होता, "नारळी पौर्णिमेला वाट मोकळी असेल." त्या दिवशी दर्याला नारळ देऊन होड्या मासेमारीला निघतात. तो मुहूर्त चुकवणं कोळ्याच्या जिवावर येतं.

जाईचे बाबा, म्हणजे आत्याचे सख्खे भाऊ, एवढंच म्हणाले होते, "शब्द दिलायस गो पणू. माझ्यासकट सगळ्यांनी तुझ्यावर भरवसा टाकलाय."

पेटी बुडवायची तर पाण्याची ओढ कमी हवी. ती कमी असते अष्टमीच्या भांगेला. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, अष्टमीला तो जरा दमानं घेतो, त्यालाच भांग म्हणतात. पौर्णिमेच्या आधीची भांग एकच. ती हुकली की पुढची पौर्णिमेनंतर.

अष्टमीला सकाळी जाई लाइफ जॅकेट चढवून आत्याबरोबर टगबोटीवर उभी राहिली. किनाऱ्याजवळच्या कोरड्या गोदीत पेटी बांधली होती. गोदीत समुद्राचं पाणी सोडलं, ते चढत गेलं, चढत गेलं, आणि ती भलीमोठी पेटी हलकेच डुलली!

"अगं बाई! तरंगली!" जाईने डोळेच चोळले.

आत्याने जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि झाकण घट्ट लावून पाण्याच्या बादलीत सोडला. तो तरंगला. "पोलाद सिमेंटपेक्षा जड, तरी हा का बुडत नाही? डबा पाण्यात शिरताना आपल्यापुरतं पाणी बाजूला सारतो. त्या सारलेल्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढ्या जोराने पाणी डब्याला वर ढकलतं. त्याला उत्प्लावक बल (पाण्याचा वर उचलणारा जोर) म्हणायचं. डबा आतून पोकळ, म्हणून त्याचं वजन त्या जोरापुढे कमी पडतं. पेटीही पोकळच आहे, फक्त दोन्ही तोंडं भिंतींनी बंद केलीत. तिच्या पोटात टाक्या आहेत. त्यांत पाणी भरलं की ती जड होते आणि बुडते."

"म्हणजे टाक्या भरल्या की खाली, उपसल्या की वर!"

"शाब्बास! आता ती जेमतेम दीड वीत वर राहील अशी तोलली आहे. जास्त हलकी ठेवली तर बुडवताना दमछाक होते. पाण्याची मापं चिंबोरीने घेतली आणि त्यावरून आम्ही गणित मांडलं."

टगबोटींनी पेटी ओढत खाडीत आणली. सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात जाई म्हणाली, "आत्या, पेटी खाली बसतेय का गं?"

आत्याने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दीड वीत वर असलेली पेटी आता अर्धी वीतही दिसत नव्हती.

"चिंबोरी! गळती आहे का?"

"आतली सगळी यंत्रं कोरडं म्हणतात," पाण्याखालून उत्तर आलं.

"यंत्रं कोरडं म्हणतात आणि पेटी बसत चालली. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय!" आत्याने ओठ चावला. "शंका असली की परत फिरायचं, असा नियम आहे. पण परत गेलो तर आजची भांग गेली, पौर्णिमा गेली. दादाला कोणत्या तोंडाने सांगू?" जाईने आत्याला असं कधीच पाहिलं नव्हतं. तिला रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात टगबोट वळली आणि पाण्याचा फवारा जाईच्या तोंडावर उडाला. तिने जिभेने ओठ चाटले, थांबली आणि पुन्हा चाटले.

"आत्या, पाणी खारट नाहीये! मचूळ लागतंय!"

"श्रावणात खाडीचं पाणी मचूळच असतं गं. वरच्या धरणाचे दरवाजे परवा उघडलेत, नदीचं पाणी..." आत्याने चमकून पेटीकडे पाहिलं.

"शाळेत आम्ही अंडं टाकून बघितलं होतं," जाई भराभर बोलू लागली. "मिठाच्या पाण्यात तरंगलं आणि साध्या पाण्यात बुडालं! खारं पाणी जड असतं ना? मग गोडं पाणी पेटीला कमी ढकलत असेल!"

"घनता!" आत्याने कपाळावर हात मारला. घनता म्हणजे तेवढ्याच जागेत मावणारं वजन. बादलीभर खारं पाणी बादलीभर गोड्या पाण्यापेक्षा जड भरतं, म्हणून ते वर ढकलतंही जास्त जोराने. "चिंबोरी, तू पाणी कुठलं मोजलंस?"

"खाडीतलं. तळाशी. मी तळाशीच राहते ना!"

आत्या आधी थक्क झाली आणि मग हसत सुटली. जड खारं पाणी तळाशी आणि हलकं गोडं पाणी त्याच्यावर, असे खाडीत दोन थर झाले होते. खेकड्याने खेकड्याच्या जगाचं माप घेतलं, आणि माणसांनी 'वर काय आहे?' असं त्याला विचारलंच नाही.

"वर ये बाई, आणि प्रत्येक पुरुषावर पाणी मोज!" आत्या ओरडली. पुरुष म्हणजे खोली मोजायचं जुनं माप, माणसाने हात वर केल्यावर होते तेवढी उंची. चिंबोरी पेटीच्या कडेने मोजत मोजत वर आली. वरचे चार पुरुष पाणी जवळजवळ गोडं होतं. आत्याने नवे आकडे गणितात घातले. पेटी जेवढी बसायला हवी, तेवढीच बसली होती. गळती नव्हतीच!

"उपसा टाक्या थोड्या!" पंप घरघरले, पेटी हळूहळू वर आली आणि सगळे पुढे निघाले.

चरावर पोचल्यावर पेटी जाडजूड तारांनी टांगली आणि टाक्या भरत तिला खाली सोडायला घेतलं. मधेच ती थबकली.

"खारा थर लागला! आता पाणी जोरात वर ढकलतंय," जाई म्हणाली. "टाक्या अजून भरा!"

"ऐकलंत ना? मुख्य इंजिनीअरबाईंचा हुकूम आहे," आत्या म्हणाली, आणि पेटी पुन्हा खाली निघाली.

"पण दोन पेट्या चिकटणार कशा? एवढं धूड ढकलणार कोण?"

"तूच सांग. पेटीच्या तोंडाभोवती रबराची जाड कड आहे. ती शेजारणीला टेकवायची आणि दोघींच्या बंद तोंडांमधलं पाणी उपसून टाकायचं. मग मधे दाब उरत नाही, आणि पलीकडच्या टोकावर अख्ख्या खाडीचा दाब."

जाईचे डोळे चमकले. "म्हणजे खाडीच ढकलणार! आपण ज्या पाण्याला घाबरतो, तेच सांधा आवळणार!"

पंप सुरू झाले. रबर दबलं, आणि चिंबोरीने तळातून आनंदाने सांगितलं, "सांधा घट्ट! थेंबसुद्धा येत नाही! आणि हो, पुढच्या वेळी मी वरचं पाणीही मोजेन."

मग चरात दगड-माती पडली, तराफे हलले, आणि नारळी पौर्णिमेच्या सकाळी खाडीचं तोंड मोकळं झालं. होड्यांवर पताका फडफडत होत्या. सगळा कोळीवाडा धक्क्यावर लोटला होता. पहिला नारळ द्यायचा मान यंदा बाबांकडे होता. त्यांनी तो बहिणीच्या हातात ठेवला.

"मला कशाला दादा?"

"शब्द तुझा, तर नारळही तुझा."

आत्याने पदराने डोळे टिपले आणि जाईला जवळ ओढलं. आत्या-भाचीने चार हातांनी नारळ पाण्यात सोडला आणि एकच जल्लोष झाला. बाबांची होडी सगळ्यांत पुढे निघाली. जाई नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, बसली होती. बोगद्याच्या बरोबर वर आल्यावर तिने वाकून पाणी पाहिलं. लवकरच इथे, तिच्या पायांखालून, बंदराचे ट्रक दिवे लावून धावणार होते, आणि कोळीवाड्याचा रस्ता पोरांना खेळायला मोकळा होणार होता.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या खाली रस्ता आहे!"

"असू दे की," बाबा सुकाणू वळवत हसले. "वर आपली वाट आहे."