कानातला माणूस

त्या दोघांची ओळख झाली ती थेट कानात. नेहमीचा साउंडवाला तापाने फणफणला होता, म्हणून कुणीतरी आयत्या वेळी याला धरून आणलेलं. ती गिटार गळ्यात अडकवून तालमीला उभी राहिली, कानात इयरफोन घातला आणि आतून एक अनोळखी आवाज म्हणाला,

"हे फक्त तुम्हालाच ऐकू येतंय. बुटाची नाडी सुटलीय."

तिने खाली पाहिलं. खरंच सुटली होती. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बटणांच्या टेबलामागे एक चष्मेवाला मुलगा अगदी गंभीर चेहऱ्याने बसला होता.

"अजून काही?" तिने माइकवरच विचारलं. अख्खा बँड चक्रावून तिच्याकडे बघू लागला.

"आहे की... पण ते तालीम संपल्यावर."

लोक तिला वाघीण म्हणत. रॉक म्हणजे नुसता धिंगाणा, असं काही तिचं नव्हतं. घरातली भांडणं, सोडून गेलेला बाप, असलं सगळं ती गिटारच्या खरखरीत सुरांवर हळू आवाजात सांगायची आणि शेवटी अशी डरकाळी फोडायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. त्या एका डरकाळीवर तिची सगळी कारकीर्द उभी होती.

जुना साउंडवाला बरा झाला, तरी हा टिकला. दौऱ्यामागून दौरे झाले. दोन गाण्यांच्या मध्ये तो कानात काहीबाही पुटपुटायचा, ती ओठ दाबून हसायची, आणि प्रेक्षकांना वाटायचं, वाघीण आपल्याकडेच बघून हसली! बिचारे भोळे.

पण घसा कुणाचं ऐकतो? एके दिवशी तो बसला तो बसलाच. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, वरचा सूर, तो डरकाळीचा, आता परत यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा कार्यक्रम तोंडावर आलेला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तिचे सगळे व्यवहार बघणारा दादा म्हणाला. "तेवढ्या जागी जुनं रेकॉर्डिंग लावू. कुणाला पत्ता लागणार नाही."

"लावशील?" तिने चष्मेवाल्याला एकट्याला गाठून विचारलं.

"सांगाल तर लावेन. माइकपासून मागे सरका, मी समजेन."

"आणि तुला काय वाटतं?"

"गळा तुमचा आहे..."

"एरवी कानात अखंड बडबड, आणि आज तोंडाला कुलूप!" ती चिडून निघून गेली. खरं तर ती फार घाबरली होती.

कार्यक्रमात डरकाळीची जागा आली. समोर हजारो हात वर झाले. तिने लांबवर त्याच्या टेबलाकडे पाहिलं. क्षणभर पाय मागे घ्यावासा वाटला... पण ती हलली नाही. तिने जीव खाऊन सूर लावला आणि तो मध्येच फाटला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. तिने डोळे मिटले, उरलेली ओळ खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. टाळ्या आल्या, पण उशिरा आणि बेताच्या. कानात नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

नंतर तो वायरी गुंडाळत असताना ती समोर येऊन उभी राहिली.

"कसं झालं?"

"वरचा सूर गेला." त्याने मान वर केली. "तो आता येणार नाही."

तिचे डोळे भरून आले. "आजच्या दिवस तरी खोटं बोलायचंस!"

"आज बोललो असतो तर रोज बोलावं लागलं असतं. आणि मला..." त्याने हातातली वायर खाली ठेवली. "मला रोज तुमच्याबरोबर राहायचंय."

ती ढसाढसा रडली. गेलेल्या सुरासाठी रडली, आणि त्याने ते रडणं थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"दादा म्हणतो, मोठे कार्यक्रम आता मिळणार नाहीत."

"छोटे मिळतील. तिथे माणसं जवळ बसतात."

"डरकाळी नसलेली वाघीण कोण ऐकणार रे?"

"डरकाळीच्या वेळी मी हेडफोन काढून ठेवायचो," तो ओशाळून म्हणाला. "मला त्याच्या आधीचं आवडतं... तुम्ही हळू गाता ते."

"वर्षानुवर्षं? आणि आत्ता सांगतोस?" रडता रडताच तिला हसू फुटलं. मग तिने त्याचा हात घट्ट धरला आणि ती घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"राहा."