घुबडाचा डावा डोळा

“जगात असं एकही रहस्य नाही, जे माझ्यापुढे पाच मिनिटं टिकेल,” गुप्तहेर म्हणाले.

सहाव्या मिनिटाला त्यांचे मित्र, भूमितीचे निवृत्त मास्तर, हळूच म्हणाले, “रिमोट उलटा धरलाय तुम्ही.”

स्टुडिओत कोणी हसलं नाही. साडेअकरा झाले होते. बाराला कार्टून मालिकेची मूळ डीव्हीडी कारखान्यात जायची होती. कारखान्याचा माणूस खाली गाडी चालू ठेवून उभा होता.

मालिकेची नायिका एक खार. खोक्यावर छापायचं होतं, ‘खारीचे जनक : दिग्दर्शक’. पण दिग्दर्शकांच्या वहिनी, सत्तरीच्या चित्रकार बाई, म्हणत होत्या, “खार माझी.” निर्माता म्हणाला होता, “पुरावा डीव्हीडीत दिसला, तर नाव बदलतो.”

पुरावा होता. तीस वर्षांपूर्वी बाई पहिली खार रेखाटत असतानाची फीत. मेनूतल्या घुबडाच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बटण दाबलं की ती सुरू व्हायची. ज्याला ठाऊक त्यालाच सापडावी, अशी गंमत. काल डोळा चालत होता. आज ढिम्म.

“प्रत काढली आणि मूळ फीत बुरशीनं गेली,” बाई म्हणाल्या. “संगणकातली प्रत आज कुणीतरी पुसली. मूळ फीत मी ट्रंकेतून काढून फक्त या मुलीला दिली होती.”

मुलगी मेनू बनवणारी. रडवेली झाली होती. “सर, मी कुणाला दाखवली नाही. डीव्हीडीत बाकी सगळं कालच्यासारखंच आहे. मोकळी जागासुद्धा तेवढीच.”

“निदान जागा तरी चोरीला गेली नाही,” मास्तर म्हणाले.

ध्वनिमुद्रकाने खांदे उडवले. “रेखाटनाच्या फिती मुक्याच असतात. माझ्याकडे येतील कशाला?”

दिग्दर्शक भडकले. “खार माझी! वहिनींनी नंतर गिरवली. ती फीत काढली तेव्हा मी त्यांच्या घरात नव्हतो आणि ती मी पाहिलेलीही नाही. वहिनींचं गुणगुणणं आणि अर्धी शेपटी, याला पुरावा म्हणायचं?”

बाराला सात मिनिटं कमी. खालून हॉर्न वाजला.

“मास्तर,” गुप्तहेर म्हणाले, “ट्रंकेतून गादी काढली तर?”

“जागा होते.”

“इथे झाली नाही. म्हणजे फीत आतच आहे, फक्त डोळ्यापासूनची वाट तोडलीय. या मुलीने काढली असती तर मुळासकट काढली असती. हे अर्धवट जाणणाऱ्याचं काम. ध्वनिमुद्रकांना फीत मुकी वाटते, कारण सगळ्या तशाच असतात. मग दिग्दर्शक, न पाहिलेल्या फितीतलं गुणगुणणं तुम्हाला कसं ऐकू आलं? शेपटी अर्धी कशी दिसली?”

“वहिनींनीच सांगितलं असेल!”

“भाऊजी,” बाई म्हणाल्या, “दोन वर्षं आपण बोलतोय कुठे?”

मुलीने संगणकावर ती वाट पुन्हा जोडली. घुबडाचा डोळा उजळला.

पेन्सिल फिरू लागली. बारीक गुणगुण. कान, मिशा, अर्धी शेपटी. मग कॅमेऱ्यामागून एक तरुण आवाज आला: “वहिनी, हा उंदीर आहे का?”

आवाज सगळ्यांनी ओळखला. दिग्दर्शक खाली बसले. निर्मात्याने खोक्याच्या नमुन्यावर रेघ मारून बाईंचं नाव लिहिलं.

“उंदीर नाही हो, भाऊजी,” बाई म्हणाल्या. उत्तराला तीस वर्षं लागली होती.

फीत संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. “वहिनी, हा उंदीर आहे का?” मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

गुप्तहेरांनी रिमोट सुलटा केला, उलटा केला, झटकला.

“बाई,” ते म्हणाले, “हे बंद कसं करायचं, तेवढं सांगा.”