बादलीतले बुडबुडे

समोरच्या निळ्या गाडीमागे रस्त्यावर काळी रेघ उमटत चालली होती.

घरच्या गॅरेजात दुरुस्त केलेली एक गाडी फिरवून बघायला ती बाहेर पडली होती. रेघ दिसली आणि तिनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. निळी गाडी थांबेना, तेव्हा पुढे जाऊन तिनं आपली गाडी सरळ आडवी घातली.

एक उंच तरुण खाली उतरला. "अहो, भांडायचंय का तुम्हाला?"

"आधी इंजिन बंद करा! ऑईल सांडतंय सगळं. डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा नाही लागला?"

"लागलाय ना... आत्ताच. मला वाटलं, हॉर्नवाल्या बाईंपासून सावध राहा म्हणतोय."

तिला हसू आलं, पण गाडीखाली शिरेपर्यंत तिनं ते दाबून धरलं. खाली पाहते तर नवाकोरा ऑईल फिल्टर आणि त्याच्या कडेवरून ओघळणारी धार.

"थोडक्यात वाचलात. आणखी थोडं पुढे गेला असतात तर इंजिन जाम झालं असतं."

"वहिनीनं कालच कुठल्याशा गॅरेजात फिल्टर बदलून आणला! तो मेकॅनिक भेटू दे मला, मग बघतो—"

गाडीखाली ती फिल्टर पुसून बघत होती. फिल्टरच्या डब्यावर पांढऱ्या पेननं कालची तारीख घातलेली होती. ते टपोरं अक्षर तिच्या घरचं होतं. ती हळूच बाहेर आली.

"मग काय बघाल?"

"का?"

"ते माझे बाबा आहेत."

त्याचा सगळा आवेश जागच्या जागी विरला. "मग... नमस्कार करीन म्हणतो."

गाडी ओढून गॅरेजात आणली. फिल्टर पाहून बाबा मटकन स्टुलावर बसले. ऑईल गळणारी आठवड्यातली ही तिसरी गाडी होती. फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर सांगून मोकळा झाला होता, "काका, वय झालं आता. फिल्टर नीट बसवला नसेल तुम्ही." चाळीस वर्षं ज्या हातांवर लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकला, ते हात बाबा उलटेसुलटे करून बघत होते.

"माझा हात गेला, पोरी. उद्यापासून तूच बघ सगळं."

बाबांशिवाय हे गॅरेज म्हणजे नुसत्या चार भिंती आणि पत्रा.

"तो डबा जरा इकडे द्या," तरुण म्हणाला. "माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर काचांवरचे ओरखडेच शोधत असतो." खिशातून भिंग काढून त्यानं फिल्टर पुसला आणि सावकाश फिरवला. "इथं बघा. पत्रा जोडलाय ना, तिथं... केसाएवढी चीर."

ती वाकली. एका भिंगावर दोन डोकी. चीर दिसली. वर पाहिलं तर त्याच्या पापण्याही दिसल्या, अगदी जवळून.

"दिसली?"

"दिसली..."

"मग आता काय बघताय?"

"काही नाही!" ती झटकन मागे सरली. कान मात्र तापले होते.

पण एका चिरेनं काय होणार? जोरात आवळल्यामुळे तडकला, असं कंपनी म्हणाली असती. तिनं जुन्या इंजिनाचा फिल्टर बसतो तेवढा तुकडा कापला, त्याला हवेची नळी जोडली आणि कपाटातल्या बंद खोक्यांतला एकेक फिल्टर त्यावर बसवून पाण्याच्या बादलीत बुडवला. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याच्या कडेवरून बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. अकरापैकी चार फिल्टर तसेच निघाले.

तिनं बोलावल्यावर कंपनीच्या माणसाला यायला आठ दिवस लागले. तेवढ्या वेळात चष्मेवाल्यानं आधीच्या दोन्ही गिऱ्हाइकांची घरं शोधून त्यांचे काढून टाकलेले फिल्टर मागून आणले. दुकान उघडण्याआधी तो रोज यायचा. बाबांशेजारी बसून त्यांनाच विचारायचा, हे कसं काढायचं, ते कसं बसवायचं... आणि बाबा बोलता बोलता पाना हातात घ्यायचे. ते पाहून ती मान फिरवायची. डोळे भरलेले त्याला दिसायला नको होते.

"गाडी तर झाली की तुमची," एकदा ती म्हणाली.

"गाडी झाली. माझं काही खरं नाही."

आठव्या दिवशी कंपनीचा माणूस नव्या फिल्टरांची बॅग घेऊन हजर झाला. बादली पाहून हसला. "मॅडम, तुमच्याकडचा माल तुम्ही कसा ठेवला असेल, कुणी सांगावं?"

"बरोबर आहे. मग तुमच्या बॅगेतलाच काढा. खोकंही तुम्हीच फोडा."

त्यानं ऐटीत फोडलं. तिनं फिल्टर बसवला, हवा सोडली, बादलीत बुडवला. क्षणभर पाणी शांत राहिलं... आणि मग भसाभसा बुडबुडे वर आले.

बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले.

कंपनीच्या माणसानं तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. तो सगळा माल परत मागवायचं ठरलं. मग त्यानं बाबांपुढे हात जोडले. "काका, चूक आमची. तुमच्या हाताला नावं ठेवली मी... माफ करा."

बाबांनी बाह्या सरसावल्या. "चला, सरका. गाड्या खोळंबल्यात माझ्या."

जाता जाता तो माणूस थबकला. कोपऱ्यात चष्मेवाला बादली ओतत होता. "आणि हे कोण?"

"हे आमचे—" ती म्हणाली आणि अडखळली.

माणूस गेल्यावर दोघं नळावर हात धुवायला आले.

"तुमचं एक वाक्य अर्धंच राहिलंय," तो साबण पुढे करत म्हणाला. "हे आमचे... काय?"

"चुकलंच माझं ते. 'आमचे' म्हणायला नको होतं."

त्याचा चेहरा पडला. "नको होतं?"

"नको होतं." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "'माझे' म्हणायचं होतं."

त्याच्या हातातून साबण निसटला. ओल्या, फेसाळ हातांनी त्यानं तिचे हात घट्ट धरले.

"अरे, तो नळ किती वेळ वाहतोय!" आतून बाबा खणखणीत आवाजात ओरडले.

दोघंही खळखळून हसली. नळ मात्र कुणीच बंद केला नाही.